आमच्या कॉम्प्युटरला म्हातारा म्हणू नका!

माणूस म्हातारा झाला हे ठरवायला समाजाने निरनिराळे मार्ग शोधून ठेवलेले आहेत. लोकलमध्ये एखादा कॉलेजकुमार ताडकन उठून जागा देतो, बँकेतली मुलगी "आजोबा, इथे सही" म्हणून कागदावर बोट ठेवते, न्हावी कात्री हातात घेऊन आधी केस शोधायला लागतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत एवढा खटाटोप कुणी करत नाही. तिथे एकच शब्द पुरतो. तो शब्द म्हणजे 'स्लो'! "स्लो झालाय हो तुमचा कॉम्प्युटर," असं कुणी म्हटलं की त्या बिचाऱ्याचा निकाल लागला. मग तपासणी नाही, निदान नाही, दुसऱ्या डॉक्टरचं मत नाही. थेट उत्तरक्रियेचीच तयारी. "आता नवाच घ्या!"

या 'नवाच घ्या'विरुद्ध माझी तक्रार आहे. तक्रार कसली, चांगलं कडकडून भांडण आहे. माझं म्हणणं असं की, आपल्या घराघरांतून जे कॉम्प्युटर 'स्लो' म्हणून आधी टेबलाखाली ढकलले गेले, मग ज्यांच्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे आले आणि शेवटी जे भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले, त्यांतले पुष्कळसे म्हातारे नव्हतेच. चांगले धडधाकट होते. त्यांचा फक्त एक अवयव दमला होता. आणि सातासमुद्रांपलीकडे बसलेल्या कुणीतरी त्यांच्या निवृत्तीची तारीख परस्पर ठरवून टाकली होती. पहिल्या दुखण्याला औषध २०२५ साली दोन हजारांत मिळत होतं, दुसऱ्याला फुकट. हे आपल्याला कुणी सांगत नाही, कारण सांगण्यात कुणाचाच नफा नाही. म्हणून मी सांगतो. मला दुकान नाही.

आश्चर्य याचं वाटतं की, हे 'नवाच घ्या' आपण मुकाट्याने ऐकून घेतो. आपण! ज्यांच्या घरात पितळेच्या पातेल्याला नेमाने कल्हई होत असे, पाट्याला टाकी लागत असे, गादीतला कापूस पिंजून पुन्हा त्याच गादीत जात असे! आजीचं जुनेर गोधडी व्हायचं, गोधडी विरली की तिचं पायपुसणं व्हायचं, आणि पायपुसणं झिजलं तरी ते स्कूटर पुसायला ठेवलेलं असायचं. छत्रीच्या एका काडीसाठी छत्रीवाल्याशी अर्धा तास घासाघीस करणारे आपण. श्रीखंडाचा रिकामा डबा अजून आपल्याकडे तीन पिढ्या चालतो. आणि हाच समाज चाळीस-पन्नास हजारांचं यंत्र, कुणी एकजण 'स्लो' म्हणाला म्हणून, किलोच्या भावाने देऊन टाकतो! क्लचवायर तुटली म्हणून अख्खी स्कूटर भंगारात घातलेला मनुष्य मला दाखवा. मी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. पट्टा तुटला म्हणून कुणी पिठाची गिरणी विकत नाही. मग कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय?

आमचा कॉम्प्युटर २०१२ सालचा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला. (या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ते सांगितलं तर टॅक्सीवाला आपल्याकडे संशयाने बघतो.) इंटेलचा दुसऱ्या पिढीतला आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची हार्ड डिस्क, असं त्याचं त्या काळी खात्यापित्या घरचं शरीर. घरात आला तेव्हा आमच्या हिने त्याला हळदकुंकू लावलं होतं. त्यानंतर मुलीचे कॉलेजचे प्रोजेक्ट, हिच्या भिशीचे हिशेब, सोसायटीच्या 'गाडी आपल्याच जागेवर लावावी' छापाच्या नोटिसा, २०२० च्या टाळेबंदीत साऱ्या गोताला पडद्यावर एकत्र आणून 'आवाज येतोय का?' विचारणं, हे सगळं त्याने इमानेइतबारे केलं.

पुढे मात्र तो उठायला वेळ घेऊ लागला. बटण दाबावं, दूध तापवावं, चहा करावा, प्यावा, कपबशी विसळून ठेवावी आणि येऊन पाहावं, तर पडद्यावर ठिपक्यांचं चक्र आपलं गरगर फिरतंच आहे. एकदा घड्याळ लावून मोजलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. आमची ही म्हणाली, "अहो, एवढ्यात माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन वाफ जिरते."

तेव्हा २०२५ च्या पावसाळ्यात त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. तिथल्या तरुणाने त्याला हातसुद्धा लावला नाही. फक्त जन्मसाल विचारलं.

"दोन हजार बारा? काका, हा आता म्युझियमला द्या."

"अहो, पण ह्याला झालंय काय?"

"स्लो झालाय."

"कशामुळे?"

"जुना झालाय."

"म्हणजे नेमकं काय जुनं झालंय?"

"काका, टेक्नॉलॉजी बदललीये," असं म्हणून त्याने पंचेचाळीस हजारांचं कोटेशन माझ्या हातात ठेवलं.

हे उत्तर मी पुरतं ओळखून आहे. पूर्वी ज्योतिषी 'शनी वक्री आहे' म्हणत. शनीला जाब विचारता येत नाही. हा 'टेक्नॉलॉजी बदललीये' त्यातलाच नवा शनी. फरक एवढाच की, जुन्या शनीची शांत सव्वा रुपया नि तेलात व्हायची.

तर आधी हे 'स्लो' म्हणजे काय ते समजून घेऊ. घाबरू नका, गणित नाही, स्वयंपाकघर आहे.

कॉम्प्युटरमधला प्रोसेसर म्हणजे आचारी. रॅम म्हणजे ओटा. आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. आचारी पट्टीचा आहे, हात झपाझप चालतो. पण ओटा लहान आणि डबे सगळे माळ्यावर. फोडणीला मोहरी हवी, चढा शिडी. उतरा. जिरं हवं, पुन्हा चढा. ओट्यावर जागा नाही म्हणून मोहरीचा डबा परत वर ठेवा, मग हिंग काढा. पंगत खोळंबते आणि पाहुणे आपसांत म्हणतात, "आचारी म्हातारा झाला बरं का!" अहो, आचारी तसाच आहे. प्रोसेसर वय झालं म्हणून मंदावत नाही. पंख्यात धूळ बसून तो तापला तर गोष्ट वेगळी. माळा तपासा, माळा!

आता माळ्यावरचा कारभार बघा. हार्ड डिस्क ही ग्रामोफोनची लांबची बहीण आहे. आत चकचकीत तबकडी फिरत असते आणि तिच्यावरून एक दांडी इकडून तिकडे धावत असते. आपली जुनी रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घ्यायची. ही ७,२०० घेते, म्हणजे सेकंदाला १२०. ऐकून छाती दडपते. पण दांडीने हव्या त्या जागी पोचायचं, मग तबकडी फिरून नेमका तो तुकडा तिच्याखाली यायचा, यात सरासरी दहा-बारा मिलिसेकंद जातात. "एवढंच ना?" असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या जुन्यापुराण्या प्रोसेसरची नाडी सेकंदाला ३१० कोटी ठोक्यांची आहे. म्हणजे माळ्यावरून एक जिऱ्याचा डबा खाली येईपर्यंत तो आचारी तीन कोटी ठोके नुसता हातावर हात ठेवून बसलेला असतो! आणि कॉम्प्युटर सुरू होताना असे हजारो डबे खाली यायचे असतात. त्याला स्लो म्हणणं म्हणजे रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आळशी म्हणण्यासारखं आहे.

हार्ड डिस्कची थट्टा करायचा माझा हेतू नाही. मोठ्या घराण्यातली आहे ती. आयबीएमने १९५६ साली पहिली काढली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होतं आणि मजकूर मावायचा सुमारे पाच एमबी. रोज सकाळी मोबाइलवर फुलांचा नि पाखरांचा जो 'शुभ सकाळ' व्हिडिओ येतो, तो तिच्यात पुरता मावलाही नसता. (तेवढाच त्या काळचा फायदा.) पण शेवटी फिरणारी वस्तू ती. फिरेल तितकी झिजेल.

तिच्या जागी आता जी येते तिला एसएसडी म्हणतात. हिच्यात फिरणारं, सरकणारं काहीच नाही. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका या जपानी गृहस्थांनी १९८० च्या दशकात जी फ्लॅश मेमरी शोधून काढली, तीच हिच्या पोटात आहे. आपल्या पेनड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्येही तीच. थोडक्यात, माळा मोडून सगळे डबे आचाऱ्याच्या हाताशी फळीवर मांडायचे. विखुरलेल्या ठिकाणचा मजकूर गोळा करताना हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक जागा गाठते. साध्यातली साधी एसएसडी काही हजार गाठते. टेक्नॉलॉजी बदलली हे त्या तरुणाचं म्हणणं खरंच होतं. ती बदललेली टेक्नॉलॉजी तेव्हा दोन हजारांत त्याच जुन्या पेटीत बसत होती, एवढंच त्याने पोटात ठेवलं.

मला ते माझ्या भाच्याने सांगितलं. तो डिप्लोमाला आहे. सुट्टीत आला होता. "मामा, पंधरा मिनिटांचं काम आहे," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी २४० जीबीची एसएसडी घेऊन आला. किंमत दोन हजारांच्या आत, आकार रेल्वेच्या पासाच्या पाकिटाएवढा. शिवाय जुन्या बाजारातून सहाशे रुपयांत चार जीबी रॅमची आणखी एक पट्टी. म्हणजे ओटाही दुप्पट झाला.

पहिलं काम म्हणजे घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणं. हे ज्याला करायचं नसेल त्याने हा लेख इथेच मिटवावा आणि खुशाल नवा कॉम्प्युटर घ्यावा. मग चार स्क्रू, आणि पेटीची बाजू उघडली. आत तेरा वर्षांची धूळ घट्ट नांदत होती. ती ब्रशने काढली. रॅमची जुनी पट्टी उपसून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले. हा खास आपल्याकडचा इलाज असून तो पुष्कळदा लागू पडतो. बटणाएवढा एक सेल असतो, तो बदलला. तो संपला की कॉम्प्युटर तारीख-वार विसरतो, आणि लोक म्हणतात, 'भ्रमिष्ट झाला, टाका.' दहा-वीस रुपयांच्या सेलपायी भ्रमिष्टाचा शिक्का! शेवटी एसएसडीला दोन वायरी जोडल्या, एक विजेची आणि एक माहितीची. संपलं ऑपरेशन. चहाचं आधण उकळायच्या आत.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. कॉम्प्युटर पळू लागतो तो मुख्यतः या एसएसडीमुळे. तुमची विंडोज तशीच ठेवलीत तरी तो पळेल. मग लिनक्स कशाला? तर ते दुसऱ्या दुखण्यासाठी, परस्पर ठरलेल्या त्या निवृत्तीसाठी.

विंडोज १० ची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांना हवी त्यांना काही अटींवर वर्षभराची मुदतवाढ होती. आमच्या ऑफिसात याला 'एक्स्टेन्शन' म्हणत आणि ते मिळवणाऱ्याकडे सगळे जळून पाहत. सेवा संपली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नव्हे. पण चोर शिरायच्या ज्या नव्या नव्या फटी सापडतात, त्या बुजवणं थांबलं. मग विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. कारण सुरक्षेचं आहे, आणि ते काही खोटं नाही. पण परिणाम काय? काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारी यंत्रं आज सकाळी वयोमर्यादेपायी अपात्र! पैसे मी दिले, वीजबिल मी भरतो, धूळ मी पुसतो, आणि हे यंत्र केव्हा टाकायचं ते मात्र दुसऱ्याने ठरवायचं. मग ते माझं कसं? भाड्याच्या खोलीत आणि यात फरक काय राहिला? खोलीचा मालक निदान महिन्याची नोटीस समक्ष आणून देतो, वर पाणी पिऊन जातो.

लिनक्सची कथा याच्या उलट आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की, मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतो आहे, तिचं काही फार मोठं व्हायचं नाही. मुलाचा अंदाज साफ चुकला. जगभरच्या लोकांनी तिच्यात भर घातली, आणि तिची कृती कपाटात कुलूपबंद न ठेवता सगळ्यांपुढे उघडी ठेवली. आज जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतला एकूणएक संगणक लिनक्सवर चालतो. २०१७ पासून त्यात एकही अपवाद नाही. १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर 'इन्जेन्युइटी' नावाचं छोटं हेलिकॉप्टर उडालं, त्याच्या डोक्यातही लिनक्सच. पुण्यात पाषाणला 'अर्का' नावाचा महासंगणक मान्सूनची गणितं मांडतो, तोही लिनक्सवर. (पाऊस त्याप्रमाणे पडला नाही तर तो दोष पावसाचा.)

लिनक्सची घराणी पुष्कळ. आम्ही 'मिंट' घेतली. तिच्या आवृत्त्यांना बायकांची नावं देतात. २०१८ ची 'तारा', त्याच घराण्यातली 'टीना', २०२१ ची 'उमा'. ही यादी भाचा मोठ्याने वाचत होता तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोण उमा?" हे एक संकट सोडलं तर पुढे काही अडचण आली नाही. पेनड्राइव्हवर ती उतरवायची, तो लावून कॉम्प्युटर सुरू करायचा, आणि काही कायमचं न बदलता नुसती चालवून पाहायची. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच म्हणा. पसंत पडली तर घरात घ्यायची, नाही तर पेनड्राइव्ह काढून नमस्कार. आम्हाला पसंत पडली. घड्याळ लावलं. बावीस सेकंद! चहाचं पातेलं शोधायच्या आत कॉम्प्युटर हात जोडून उभा. आमच्या हिने दुसऱ्यांदा हळदकुंकू लावलं.

आता विरोधी पक्ष. आमच्या सोसायटीत तो नेहमीच बळकट असतो.

पहिले गृहस्थ म्हणाले, "फुकट मिळतंय म्हणजे काहीतरी गडबड असणार." वा! वर्षानुवर्षं आपल्याकडे कोपऱ्यावरचा पोरगा तीनशे रुपयांत 'सगळं टाकून देतो' म्हणत घरोघरी चोरीची सॉफ्टवेअरं टाकत हिंडला, तेव्हा गडबड दिसली नाही. विजेचं बिल मुदतीच्या चार दिवस आधी भरणारे सज्जन चोरीच्या मालावर बसून 'प्रामाणिकपणा' या विषयावर भाषणं टाइप करत होते. ते चाललं. आणि राजरोस फुकट दिलेलं, हवं तितक्यांना वाटायची परवानगी असलेलं मात्र संशयास्पद!

दुसरे म्हणाले, "ते इंजिनियर लोकांचं काम. काळ्या पडद्यावर काय काय टाइप करावं लागतं." मी विचारलं, "तुमच्या खिशात काय आहे?" अँड्रॉइड फोन होता. "त्याच्या मुळाशी लिनक्सच आहे. त्यावर तुम्ही रोज रात्री दीड वाजेपर्यंत काय टाइप करता?" ते काही बोलले नाहीत, वहिनी मात्र त्यांच्याकडे बघू लागल्या. माझ्या बायकोला काळा पडदा आजवर दिसलेला नाही. खाली डाव्या कोपऱ्यात बटण, त्यात यादी, त्यात ब्राउझर. बँक, रेल्वेचं तिकीट, नाटकांचे व्हिडिओ, सगळं तिथेच.

तिसऱ्यांचं म्हणणं, "मराठीचं काय?" मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच; सेटिंगमध्ये जाऊन निवडायचा. लेखनासाठी, हिशेबांसाठी लिबर ऑफिस मिळतं आणि त्याच्या आज्ञासुद्धा मराठीत करून घेता येतात. प्रस्तुत लेख त्यावरच लिहिला आहे. तो आवडला नाही तर तो दोष त्याचा नव्हे.

चौथे जरा खरे बोलले. ते सनदी लेखापाल. त्यांचं हिशेबाचं पॅकेज विंडोजवर चालतं, डिजिटल सहीच्या टोकनची त्यावर खात्री असते, अशिलांच्या फायलीतली ओळसुद्धा हलून चालत नाही. त्यांना मी म्हटलं, "साहेब, तुम्ही विंडोजवरच राहा." ज्याचं पोट विशिष्ट सॉफ्टवेअरवर आहे, ज्याचे जुने मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटांत अडकलेत, त्याने उगाच बंड करू नये. मी धर्मांतरं करायला निघालेलो नाही. पण ज्यांचं सगळं काम ब्राउझर, चार पत्रं, दोन हिशेब आणि पाच हजार फोटो यांत संपतं, अशी घरं आपल्यात किती? जवळजवळ सगळी!

माझ्या या बडबडीचा एक परिणाम झाला. सोसायटीतल्या चार घरांनी आपापले 'म्हातारे' माझ्याकडे आणून टाकले, बहुधा माझं तोंड बंद व्हावं म्हणून. भाच्याने आणि मी दोन रविवार खर्च केले. चारांपैकी तीन उठून बसले. चौथ्याच्या मदरबोर्डवरची कपॅसिटरं पुरीसारखी टम्म फुगली होती. त्याला आम्ही हात जोडले. सगळेच वाचतात असं माझं म्हणणं नाही. तपासल्याशिवाय पुरू नका एवढंच आहे. उठलेल्या तिघांतला एक आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलीकडे गेला. ती अकरावीला आहे. आजवर तिचा सगळा अभ्यास आईच्या फुटक्या काचेच्या मोबाइलवर, तोही मावशी घरी आल्यावर. त्या मुलीसमोर कुणी 'नवाच घ्या' म्हणून दाखवावं! पंचेचाळीस हजार म्हणजे मावशींचे किती महिने होतात ते मी मोजलं नाही. मोजवलं नाही. केरळातल्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकताहेत, आणि शिकून जगभर जाताहेत. आपल्या सोसायट्यांच्या जिन्यांखाली किती मुलींचे अभ्यास धूळ खात पडलेत, कुणी मोजलंय?

आणि टाकलेलं जातं कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, ते चांगलेही आहेत. पण हातगाडीवर चढलेला कॉम्प्युटर नियम वाचून जात नाही. तो दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी पोचतो. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, बाकीच्या धातूंसाठी पट्ट्या आम्लात बुडवतात. तो धूर आपल्या गॅलरीतून दिसत नाही म्हणून आपण त्याला 'अपग्रेड' म्हणतो.

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. कॉम्प्युटर मंदावला की आधी त्याच्या पोटात फिरती डिस्क आहे का ते विचारा. असेल तर एसएसडी बसवा. विंडोजचे दिवस भरले असतील तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. दोन्ही करून नाही जमलं, तर डिस्कवरचं तुमचं सगळं नीट पुसून तो रीतसर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. तेव्हा मीही म्हणेन, नवा घ्या. पण त्याआधी कुणी नुसत्या जन्मसालावरून "स्लो झालाय" म्हणाला, तर त्याला शांतपणे विचारा, "नेमकं काय स्लो झालंय?" आणि उत्तराची वाट बघत उभे राहा. सहा मिनिटं चाळीस सेकंदांतही उत्तर आलं नाही, तर स्लो कोण आहे ते तुम्हाला कळलंच.